प्रदर्शनाचा हंगाम : नांदेड-लातूरकडची चित्रे आणि त्यांचे प्रेक्षक

मराठीत चित्रकलेचा इतिहास लिहिला जातो तेव्हा तो बहुधा मुंबईत सुरू होतो आणि मुंबईतच संपतो. १८५७ची सर जे. जे. कलाशाळा, १८८८ची बॉम्बे आर्ट सोसायटी, १९५२चे जहांगीर कलादालन अशा टप्प्यांनी तो पुढे सरकतो. कोल्हापूर, पुणे, नागपूर यांना मधूनमधून जागा मिळते. गोदाकाठचे नांदेड आणि मांजरेच्या खोऱ्यातले लातूर यांची नावे आली तर ती एखाद्या चित्रकाराच्या जन्मगावापुरती येतात. या लेखात आम्हांला चित्रकारांची यादी करावयाची नाही. आमचा प्रश्न प्रेक्षकाविषयी आहे. या दोन जिल्ह्यांतल्या माणसाने चित्र कुठे पाहिले, कोणत्या दिवसांत पाहिले, आणि पाहताना त्याच्या शेजारी कोण उभे होते?

यातला दिवसांचा मुद्दा महत्त्वाचा आहे. दालन वर्षभर उघडे असते, निदान तशी त्याची कल्पना असते. इकडचे पाहणे मात्र हंगामी आहे. पितृपंधरवडा सरतो, खरिपाची रास घरात येते, हातात थोडे पैसे खुळखुळू लागतात, आणि नवरात्रापासून महाशिवरात्रीपर्यंत पाहण्याचे दिवस चालतात. दिवाळी अंक याच दिवसांतले, शाळांची स्नेहसंमेलने याच दिवसांतली. लोहा तालुक्यातली माळेगावची खंडोबाची जत्रा मार्गशीर्षात भरते. घोड्या-उंटांच्या बाजारासाठी ती प्रसिद्ध आहेच, पण पशुप्रदर्शन, कृषिप्रदर्शन आणि लावणी महोत्सव यांसाठीही ती ओळखली जाते. लातूरची सिद्धेश्वराची जत्रा महाशिवरात्रीला भरते. ‘प्रदर्शन’ हा शब्द आमच्याकडच्या सामान्य माणसाच्या तोंडी प्रथम आला तो बैलांच्या आणि बियाण्यांच्या संदर्भात. चित्रांच्या संदर्भात तो फार उशिरा आला, आणि आला तेव्हा जुना अर्थ सोबत घेऊन आला. प्रदर्शनात वस्तू मांडलेली असते, तिच्याजवळ तिचा मालक उभा असतो, आणि त्याला विचारता येते.

१९४८पर्यंत हे दोन्ही प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. लातूरला तर स्वतंत्र जिल्हा होण्यासाठी १९८२ उजाडावे लागले. तोवर ते उस्मानाबाद जिल्ह्यातले एक तालुक्याचे गाव आणि मोठी बाजारपेठ होते. संस्थानाच्या काळात चित्रकलेच्या बाबतीत मराठवाड्याकडे जगातला एक थोर ठेवा होता आणि तरीही त्याचे प्रेक्षक दुसरीकडे होते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याचे काम रॉबर्ट गिल याने १८४४पासून सुरू केले. त्या प्रतिकृती लंडनला गेल्या आणि त्यांतल्या बहुतेक १८६६च्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. नंतर जे. जे.चे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ या काळात नव्याने प्रतिकृती केल्या. त्याही लंडनला गेल्या, आणि त्यांतल्या पुष्कळशा १८८५च्या आगीत गेल्या. पुढे १९१४ साली संस्थानाने पुरातत्त्व खाते काढले, गुलाम याझदानी त्याचे प्रमुख झाले आणि सय्यद अहमद यांच्यासारख्या चित्रकारांनी केलेल्या प्रतिकृती हैदराबादच्या संग्रहालयात लागल्या. म्हणजे मराठवाड्यातले चित्र पाहण्यासाठी लंडनचा किंवा हैदराबादचा माणूस असणे सोयीचे होते. नांदेडच्या माणसाला हैदराबादची वाट निदान माहीत होती. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग त्याच्या गावावरून जात होता. लातूरचे तोंड बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद रुळांमुळे बार्शी-पंढरपूरकडे वळलेले राहिले. एकाच प्रदेशातली ही दोन गावे दोन दिशांना पाहत होती, हे त्यांच्या सांस्कृतिक इतिहासात आजही जाणवते असे आमचे मत आहे.

हैदराबादची ‘नुमाइश’ हे त्या वाटेवरचे मोठे आकर्षण. उस्मानिया विद्यापीठाच्या पदवीधरांनी ती १९३८ साली सुरू केली. पुढे १ जानेवारीपासून सुमारे दीड महिना ती चालू लागली. ती मुळात औद्योगिक प्रदर्शन. पण कापड, अत्तर, बिदरी काम, निर्मळची लाकडी खेळणी आणि रंगवलेली तबके हे सारे तिथे एकाच दमात पाहावयास मिळे. निर्मळ हे गाव नांदेडच्या पूर्वेस, आजच्या तेलंगणात आहे. तिथल्या नक्काशांचे काम पाहिले म्हणजे लक्षात येते की आमच्या या भागात ‘कला’ आणि ‘कारागिरी’ यांच्यामध्ये दालनाची भिंत उभी राहिलेली नव्हती. कलेच्या इतिहासकारांना यात मागासलेपणा दिसला. आम्हांला त्यात एक वेगळी सवय दिसते.

ती सवय फार जुनी आहे. पैठणच्या नावाने ओळखली जाणारी चित्रकथींची चित्रे पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात पाहावयास मिळतात. त्यांच्या नावातले पैठण कितपत खरे, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पण ती वापरली कशी जात याविषयी नाहीत. रामायण-महाभारतातले प्रसंग कागदावर काढलेले, कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले. कथेकरी एकेक चित्र समोर धरी, गाई, सांगे, आणि प्रसंग संपला की ते चित्र मागे जाई. तेलंगणातल्या चेरियाल परंपरेत हेच काम कापडाची लांब गुंडाळी करी. एकेका जातीचे पुराण सांगणारे भाट ती पट्टी थोडीथोडी उलगडत नेत. देगलूर, बिलोली, धर्माबाद हा नांदेडचा पट्टा तेलुगू मुलखाला लागून आहे, आणि तिथल्या घरांत दोन्ही भाषा नांदतात. या दोन्ही परंपरांत चित्र एकटे कधी येत नाही. त्याच्याबरोबर सांगणारा येतो. सांगणारा थांबला की चित्रही झाकले जाते. आज आपण चित्राला दिलेली भिंत, चौकट, वरून पडणारा दिवा आणि शांतता यांपैकी एकही गोष्ट तिथे नव्हती. होता तो आवाज.

छापील चित्र आले तेव्हा हा सांगणारा अदृश्य झाला असे वाटते, पण ते पूर्णतः खरे नाही. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि तिथल्या लक्ष्मी-सरस्वती लवकरच देवघरांत येऊन बसल्या. ज्याला गोष्ट ठाऊक आहे त्याच्यासाठीच ती चित्रे होती. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्याच्या भोवतालच्या बाजारात गुरूंच्या तसबिरी मिळतात, त्यांचेही तसेच. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी इथेच देह ठेवला, ही हकिकत जाणणारा माणूसच त्या तसबिरीपुढे थांबतो. कॅलेंडरांनी हा व्यवहार आणखी पसरवला. या संदर्भात एस. एम. पंडित (१९१६–१९९३) यांचे नाव घ्यावयास हवे. ते गुलबर्ग्याचे, म्हणजे जुन्या हैदराबाद संस्थानातलेच, लातूरच्या शेजारचे. मुंबईत सिनेमाची पोस्टरे आणि कॅलेंडरे करून ते प्रसिद्ध झाले आणि पुढे गुलबर्ग्याला परतले. त्यांची पौराणिक चित्रे शिंप्याच्या दुकानात, किराणा मालाच्या पेढीवर, हजामतीच्या खुर्चीसमोर वर्षभर टांगलेली असत. एका चित्राकडे बारा महिने पाहण्याची संधी कोणत्या दालनाने कोणत्या प्रेक्षकाला दिली आहे? शरीराचा बांधा, कापडाची चुणी, पाठीमागून येणारा प्रकाश, हे सारे आमच्याकडच्या कित्येक मुलांनी प्रथम तिथे न्याहाळले. नंतर शिक्षितांनी कॅलेंडरला हसावयास शिकवले.

दिवाळी अंकांची गोष्ट साहित्याच्या विद्यार्थ्यांना अधिक जवळची वाटेल. १९४५ साली दीनानाथ दलालांनी ‘दीपावली’ काढला. दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांची मुखपृष्ठे पुढची पंचवीस-तीस वर्षे महाराष्ट्रभर पोहोचली. मराठवाड्यातल्या गावात दिवाळीच्या आठवड्यात बसस्थानकावरच्या विक्रेत्याने दोऱ्यांना चिमटे लावून टांगलेले अंक, हे आमच्या मते इकडचे पहिले नियमित, दरवर्षी बदलणारे, फुकट पाहता येणारे चित्रप्रदर्शन होय. त्याला तिकीट नव्हते आणि उद्‌घाटक नव्हता. गाडी लागेपर्यंत पाहावे, परवडला तर एखादा घ्यावा, नाही तर वाचनालयाकडे जावे. आत कथा असे आणि कथेच्या माथ्यावर रेखाचित्र असे. वसंत सरवट्यांची रेषा किती वाचकांनी गोष्टीच्या आधी ‘वाचली’ असेल! चित्रकथींच्या कागदावरचा प्रसंग आणि कथेच्या माथ्यावरचे चित्र यांत कलेच्या दृष्टीने कितीही अंतर असो, पाहण्याची रीत एकच आहे: आधी चित्र, मग शब्द, मग पुन्हा चित्र.

इथे व्यवस्थेचा प्रश्न उपस्थित होतो, आणि तो टाळून चालणार नाही. स्वतंत्र महाराष्ट्राने पुस्तकासाठी काय केले? १९६७चा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम केला. त्यामुळे तालुक्यालाच नव्हे, गावालाही अनुदानित वाचनालय मिळण्याची वाट झाली. नाटकासाठी काय केले? राज्य नाट्य स्पर्धा भरवली, तिची प्राथमिक फेरी ठिकठिकाणी नेली, आणि नांदेडला केंद्र मिळाले. एखाद्या हौशी मंडळाचे नाटक तिथे आपल्याच गावच्या प्रेक्षकांपुढे परीक्षकांनी पाहिले. चित्रासाठी १९६५ साली कला संचालनालय झाले, राज्य कला प्रदर्शन भरू लागले. पण त्या प्रदर्शनाला केंद्रे नव्हती. चित्रकाराने चित्र बांधावे, पाठवावे, निवड झाली तर मुंबईच्या प्रेक्षकाने ते पाहावे, असा क्रम राहिला. अजिंठ्याच्या प्रतिकृती ज्या दिशेने गेल्या तीच दिशा. म्हणून नांदेड-लातूरकडे नाटकाचा प्रेक्षक घडला, पुस्तकाचा वाचक घडला. २०२२च्या एप्रिलमध्ये, मराठवाड्याच्या उन्हात, उदगीरला ९५वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. चित्राचा प्रेक्षक घडवण्याची जबाबदारी मात्र जाता जाता एका माणसावर पडली. तो म्हणजे शाळेतला चित्रकलेचा शिक्षक.

या माणसाविषयी मराठीत जवळजवळ काहीच लिहिले गेलेले नाही. ए.टी.डी. झालेला हा शिक्षक शाळेचे फलक लिही, स्नेहसंमेलनाचा पडदा रंगवी, निवडणुकीच्या कामाला जाई, आणि उरलेल्या वेळात एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांना बसवी. शासकीय रेखाकला परीक्षा हा मराठवाड्यातल्या हजारो मुलांचा कलेशी आलेला एकमेव औपचारिक संबंध आहे. त्यातल्या विषयांची नावेच पाहा: वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन. वस्तुचित्रात समोर घडा, वाटी, फळ, मागे कापड. संकल्पचित्रात चौकोनात किंवा वर्तुळात नक्षी. या दोहोंची परंपरा विलायती कलाशाळांतून आलेली आहे, हे उघड आहे. स्मरणचित्राचे प्रकरण निराळे. ‘आठवड्याचा बाजार’, ‘विहिरीवर पाणी भरणाऱ्या स्त्रिया’, ‘बसस्थानक’, ‘पतंग उडवणारी मुले’ अशा धर्तीचा एखादा विषय दिला जातो आणि मुलाने तो आठवून काढावयाचा असतो. आमच्या दृष्टीने ही या परीक्षेतली सर्वांत मोठी कल्पना आहे. मूल ज्या गावात राहते ते गाव कागदावर येण्याची ती एक अधिकृत सोय होती. कंधारच्या मुलाने कंधारचा बाजार काढावा, औशाच्या मुलीने औशाची विहीर काढावी.

प्रत्यक्षात काय झाले? मुलांना पाच-सहा आकृत्या पाठ करून दिल्या गेल्या. डोक्यावर टोपली घेतलेली बाई पाठमोरी, काठी टेकलेला म्हातारा डावीकडून, सायकलवाला उजवीकडून, एक झाड, एक कौलारू घर. विषय बाजाराचा असो वा जत्रेचा, हीच माणसे जागा बदलून उभी राहत. पाठ केलेले स्मरणचित्र! या शब्दप्रयोगातली विसंगती कुणाला खटकली नाही, कारण गुण मिळत होते. हा दोष शिक्षकाचा म्हणता येणार नाही. त्याच्याकडे तास आठवड्याला दोन, मुले साठ, आणि दाखवावयास मूळ चित्र एकही नाही. लातूरकडे तर परीक्षेच्या तयारीचे शास्त्रच झाले. ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द त्यातूनच राज्यभर गेला. अलीकडच्या नियमांत इंटरमिजिएटच्या अ श्रेणीला दहावीत ७ वाढीव गुण, ब श्रेणीला ५ आणि क श्रेणीला ३ असा हिशेब ठरला आहे. चित्राची किंमत इतक्या नेमक्या आकड्यांत जहांगीरमध्येसुद्धा सांगता येत नसेल. त्या ७ गुणांसाठी का होईना, मुले ब्रश हातात धरतात, हेही खरे. आणि दहावीनंतर बहुतेक तो खाली ठेवतात, हेही.

याच काळात, याच गावांत, महाविद्यालयाच्या वर्गात चित्रकलेविषयी पुष्कळ बोलले जात होते. मर्ढेकरांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ने (१९५५) लयतत्त्वाची चर्चा मराठीत रुजवली. संवाद, विरोध आणि समतोल या त्रयीवर मराठीच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या वाढल्या. नांदेडच्या पीपल्स महाविद्यालयात नरहर कुरुंदकर होते. ‘रूपवेध’मध्ये त्यांनी मराठीतल्या सौंदर्यविचाराची झडती घेतली. आमच्यापैकी जे त्या परंपरेत शिकले त्यांना रंग, रेषा, आकार यांच्या लयबद्ध रचनेवर दहा पाने सहज लिहिता येत. चित्र मात्र कुणी पाहिलेले नसे, किंवा पाहिले असल्यास ते कॅलेंडरवर, आणि ते तर चर्चेला पात्र नव्हते. गोष्ट सांगणारे चित्र दुय्यम, आशय हा चित्राबाहेरचा, असा जो संस्कार या सौंदर्यविचारातून वर्गापर्यंत झिरपला त्याने इकडच्या विद्यार्थ्याला त्याच्या पाहण्याच्या सवयीबद्दल संकोच शिकवला. चित्रासमोर उभे राहून ‘यात काय चालले आहे?’ असे विचारणे हे अडाणीपणाचे लक्षण ठरले. आम्हांला हा निवाडा मान्य नाही. ज्या प्रदेशात शेकडो वर्षे चित्राशेजारी सांगणारा उभा होता तिथल्या माणसाचा तो रीतसर प्रश्न आहे. अमूर्त चित्रकाराने त्याचे उत्तर ‘काहीच चालले नाही, हिरव्यावर हा पिवळा कसा बसला ते पाहा’ असे द्यावे. पण द्यावे तर खरे.

शिल्पाच्या बाबतीत हा तुटलेपणा अधिक बोचतो, कारण तिथे मूळ वस्तू दारात आहे. देगलूर तालुक्यातल्या होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे, मुखेडचे दशरथेश्वर, निलंग्याचे नीलकंठेश्वर, औसा तालुक्यातली खरोशाची लेणी ही सारी एका दिवसाच्या एस.टी. प्रवासाच्या अंतरावर आहेत. कंधारला राष्ट्रकूटकालीन एका प्रचंड मूर्तीचे अवशेष आहेत. नुसते पाऊल पाहिले तरी मूळ मूर्ती केवढी असेल या विचाराने माणूस गप्प होतो. नांदेडच्या प्रभाकर देवांनी मराठवाड्याच्या मंदिरांवर ग्रंथ लिहिला, गो. बं. देगलूरकरांनी महाराष्ट्राच्या मूर्तिशिल्पावर आयुष्य वेचले. सांगणारे होते. रेखाकलेच्या वर्गाची सहल मात्र होट्टलला जाण्याऐवजी बहुधा दूरच्या किल्ल्याला किंवा समुद्राला गेली.

चित्रकाराच्या बाजूनेही एक शब्द. लातूरच्या गंजगोलाईतून फुटणाऱ्या सोळा रस्त्यांवर पूर्वी हाताने रंगवलेल्या पाट्या असत. प्रत्येक गावात ‘अमुक आर्ट्स’ या नावाचे एखादे खोपटे असे आणि तिथे रॉकेलचा व रंगाचा वास येई. नंबरप्लेट, दुकानाची पाटी, लग्नाचा फलक, गणपतीची आरास, थिएटरचा बॅनर ही सारी कामे तिथे होत. अक्षरलेखनाचा पेपर ज्याला खरोखर उपयोगी पडला असा हाच विद्यार्थी. या शतकाच्या पहिल्या दशकात फ्लेक्स आले आणि दोन-चार वर्षांत ही खोपटी रिकामी झाली. ज्यांना संगणक जमला ते त्याच फ्लेक्सचे आराखडे करू लागले. बाकीच्यांनी काय केले याची नोंद कुणी ठेवली नाही.

आता हंगामातले जे ठिकाण आम्हांला सर्वांत आशेचे वाटते त्याकडे येतो. १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झाले. आजचे नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हे चार जिल्हे त्याच्याकडे आहेत. विद्यापीठाच्या युवक महोत्सवात ललित कलांचा विभाग असतो: स्थळचित्र, कोलाज, भित्तिपत्रक, मातीकाम, व्यंगचित्र, रांगोळी. गर्दी अर्थात नाटकाच्या आणि लोकनृत्याच्या मंडपात. ललित कलांचा विभाग एखाद्या वर्गात, बाकडी बाजूला सारून. अर्ध्या इंपिरिअल आकाराचा कागद, अडीच तास, विषय जागेवर दिलेला. इथेही पाठ करून आलेले असतात, पण अडीच तास पाठांतर पुरत नाही. शेवटच्या अर्ध्या तासात, रंग वाळत नाही आणि वेळ संपत आलेली असते तेव्हा, एखाद्या कागदावर पाठ केलेल्या बाईच्या जागी स्वतःची आई उतरते. आम्ही हे घडताना पाहिले आहे.

निकालानंतर ही चित्रे भिंतीला टेकवून किंवा दोरीला लावून ठेवतात. महोत्सवाच्या धामधुमीत तिकडे फारसे कुणी फिरकत नाही. जे येतात ते लोकनृत्याच्या वेशातले, चेहऱ्याला रंग लावलेले, हातात चहाचा कप घेतलेले. ते एका चित्रापुढे थांबतात आणि ज्याने ते काढले आहे त्याला, तो तिथेच बोटांचा रंग चिंधीला पुसत उभा असतो, विचारतात, “हे काय काढलंय रे?” आणि तो सांगू लागतो. कोणत्या गावची वेस, पाणी कोणत्या साली आटले, टँकरपुढची रांग कुठपर्यंत गेली होती, आणि रांगेतल्या बायकांचे चेहरे काढायचे का ठेवले. ऐकणारे पुन्हा एकदा कागदाकडे वळून त्या रांगेतली भांडी मोजू लागतात.